टेकूमिस्त्रीचं ‘अंहं’

तीन दिवस वारा सुटला होता. पावसाचा पत्ता नाही, थंडीही बेताचीच, पण वारा गल्लीतल्या एकाही दाराला, एकाही पत्र्याला स्वस्थ बसू देत नव्हता. टेकूमिस्त्री सकाळी सातला गॅरेजचं शटर अर्ध्यावर ठेवून आत बसला होता. जमिनीवर सांडलेल्या तेलावर त्यानं लाकडाचा भुसा टाकला, तो झाडून काढला, पुन्हा टाकला, पुन्हा झाडला. मग अनवाणी पायानं फरशी चाचपून पाहिली. पाय घसरत नाही म्हटल्यावर चपला घातल्या.

घराच्या तळमजल्यावरची ही एक खोली. मागचं दार स्वयंपाकघरात उघडायचं, पुढचं शटर रस्त्यावर. मधोमध लांब नाकाची एक जुनी गाडी उभी होती, बॉनेट काढलेली, पोट रिकामं. तिचं इंजिन बाजूच्या स्टँडवर, धुऊनपुसून, नवी रिंग-पिस्टनं घालून तयार होतं. दोन क्विंटलाचा ऐवज. आज ते गाडीत बसवायचं होतं.

टेकू हे काही त्याचं नाव नव्हे. गल्लीनं ते दिलेलं. हा माणूस कशाच्याही खाली टेकू लावल्याशिवाय पुढं जायचा नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली लोखंडी घोडे तर लावायचाच, वर चाक काढून तेही गाडीखाली सरकवायचा. “जॅक म्हणजे पाहुणा, कधी उठून जाईल भरवसा नाही,” म्हणायचा. घरातल्या फ्रिजखाली टेकू, टेबलाखाली टेकू. त्याच्या लग्नात त्यानं मांडवाचे खांब हलवून पाहिले होते, असं बायको सांगायची. तो नाकारायचा नाही.

बस डेपोच्या इंजिन विभागात त्यानं अठ्ठावीस वर्षं काढली. शेवटची नऊ हेडमिस्त्री म्हणून. निवृत्त झाल्यावर घरी गॅरेज काढलं तेव्हा पाने-पक्कड घ्यायच्या आधी त्यानं दोन लोखंडी खांब जमिनीत गाडले आणि त्यांच्यावर आडवा गर्डर चढवला. छताला हूक आहे की, त्यालाच लटकव, असं शेजारच्यानं सुचवलं. मिस्त्री म्हणाला, “छत माझ्या डोक्यावर राहावं म्हणून बांधलंय. इंजिनाच्या डोक्यावर पडावं म्हणून नाही.”

त्या गर्डरला चेनकप्पी लटकायची. तिची हातातली साखळी एका बाजूनं ओढली की ओझं बोटाबोटानं वर, दुसऱ्या बाजूनं ओढली की बोटाबोटानं खाली, आणि सोडून दिली की जिथल्या तिथं थांबलेलं. ही साखळी गेली सहा वर्षं त्याच्या बायकोच्या हातात होती. स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, साखळी धरायची, आणि दोघं तासभर इंजिनाशी झटायचे. बोलणं असं काही नसायचंच. मिस्त्री खाली वाकून बोटांनी चाचपायचा. जिथं नजर पोचत नाही तिथं त्याची बोटं पोचायची. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर त्याचा सगळा धंदा उभा होता. चाचपता चाचपता तो “हं” म्हणाला की बायको खाली घ्यायची, “अंहं” म्हणाला की थांबायची. कधी नुसता श्वास सोडला तरी तिला कळायचं.

पंधरा दिवसांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. म्हणून आज साखळी धरायला तिचा भाऊ आला होता. धंद्यानं टेलर. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली.

“ती काढून ठेव,” मिस्त्री म्हणाला. “लटकतं काही अंगावर नको.”

“दाजी, तीस वर्षं गळ्यात आहे. हिच्याशिवाय मला चालताना तोल जातो.”

“मग आज पड. पण काढ.”

मेहुण्यानं मोजपट्टी खिळ्याला अडकवली. मिस्त्रीनं त्याच्या बाह्या दुमडायला लावल्या, अंगठी काढायला लावली, आणि साखळीची कुठली बाजू वर, कुठली खाली ते दोनदा दाखवलं.

“कळलं, कळलं,” मेहुणा म्हणाला. “शिलाई मशीनला पण दोन बाजू असतात.”

“मशीन अंगावर पडली तर माणूस रडतो. हे पडलं तर रडायला दुसरे लागतात.”

बायको मागच्या दारात स्टूल टाकून बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. “अरे, त्यांचं ऐक,” ती म्हणाली. “आणि अहो, तुम्ही त्याच्यावर खेकसू नका. तो शिकाऊ आहे.”

“छप्पन वर्षांचा शिकाऊ.”

इंजिन स्टँडवरून चार बोटं उचललं. तिथं मिस्त्रीनं हात वर करून थांबवलं आणि स्वतः बाजूला जाऊन बसला. हे त्याचं नेहमीचं. टांगलेल्या इंजिनाकडे दहा मिनिटं नुसतं बघायचं. साखळी कुरकुरते का, हूक तिरका होतो का, ओझं एका अंगाला कलतं का.

“आता काय?” मेहुण्यानं विचारलं.

“काही नाही. त्याची काही तक्रार असेल तर आताच सांगू दे.”

तक्रार नव्हती. कप्पी गर्डरवरून सरकवत इंजिन गाडीच्या पोटावर आणलं आणि खाली घ्यायला सुरुवात झाली. मागच्या बाजूला गिअरबॉक्स गाडीतच होता. इंजिनाचं तोंड त्याच्या तोंडाला बरोबर भिडवायचं, एवढंच खरं काम. दोघांत चार बोटांची फट राहिली तेव्हा मिस्त्री वाकला. “हं,” तो म्हणाला. मेहुण्यानं ओढली. “हं.” पुन्हा ओढली. मेहुण्याला हे झकास जमत होतं. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून “हं” म्हणालं की तो कात्री चालवायचा. हा शब्द त्याच्या सवयीचा होता.

मग मिस्त्रीला दिसलं, की गाडीच्या तारांचा एक जुडगा त्या फटीत येऊन पडलाय. तोंडं भिडली असती तर तारा चेमटल्या असत्या. डेपोत असता तर त्यानं इंजिन वर घ्यायला लावलं असतं, सळईचा आकडा मागवला असता, आणि फटीत हात घालणाऱ्याला दिवसभर दारात उभं केलं असतं. इथं त्यानं हात घातला. आणखी खाली घेऊ नको म्हणून तोंडानं सांगितलं, “अंहं.”

तेवढ्यात वाऱ्यानं शटर दणाणलं. “अं” त्यात गेला. मेहुण्याकडे “हं” पोचला, आणि त्यानं साखळी चांगली लांब ओढली.

मिस्त्री ओरडला नाही. त्याच्या तोंडून खोकल्यासारखा आवाज आला आणि त्याचा चेहरा कणकेसारखा पांढरा झाला. मेहुण्यानं घाबरून साखळी सोडून दिली. कप्पी जिथल्या तिथं थांबली, इंजिनही थांबलं, पण मिस्त्रीची बोटंही तिथंच होती.

“वर!” बायको ओरडली. “वर घे!”

“कुठली ओढू? ताई, कुठली?”

“पलीकडची!”

“तुझ्या पलीकडची की माझ्या?”

स्टूल पडलं, ती आली, भावाला खांद्यानं बाजूला केलं आणि डाव्या हातानं साखळी धरून सगळं अंग खाली टाकलं. एकदा. दोनदा. इंजिन बोटभर उचललं गेलं. मिस्त्रीनं हात बाहेर काढला.

मधली दोन बोटं टोकाला चपटल्यासारखी दिसत होती. कातडी सोललेली, नखं निळी पडायला लागलेली. त्यानं एकेक बोट हलवून पाहिलं. हलत होती. टोकांना मात्र काहीच कळत नव्हतं. त्यानं अंगठ्यानं ती दाबून पाहिली, पुन्हा दाबली.

“तुम्हीच हं म्हणालात,” मेहुणा म्हणाला.

“मी अंहं म्हणालो.”

“अंहंमध्ये हं नाहीये का, दाजी?”

बायकोनं मिस्त्रीचा हात नळाखाली धरला, स्वच्छ फडकं गुंडाळलं. “माझ्याशी बोलता तसं त्याच्याशी बोलायला गेलात,” ती म्हणाली. “तो काय तुमच्याशी लग्न करून आलाय?”

“हात घालायला नको होता,” मिस्त्री म्हणाला.

“ते तर नकोच होता. चला दवाखान्यात.”

पण तो लगेच निघाला नाही. इंजिन टांगलेलं ठेवून घराबाहेर पडायचं नाही, यावर तो अडून बसला. भावाबहिणीनं मिळून ते वर घेतलं, बाजूला सरकवलं, खाली दोन टायर आणि त्यावर लाकडी ठोकळे ठेवून टेकवलं. साखळी ढिली झाल्यावरच तो बाहेर पडला.

दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरनं नखाला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं, टाके घातले, आणि नखं गळतील म्हणून सांगितलं. मिस्त्रीनं एकच विचारलं, टोकांना कळायला लागेल का? डॉक्टरनं सुईच्या टोकानं हलकेच टोचलं. एका बोटात मिस्त्रीला कळलं. दुसऱ्यात नाही. “महिना-दोन महिने बघू,” डॉक्टर म्हणाला.

परत आल्यावर मेहुणा मोजपट्टी घ्यायला गॅरेजमध्ये गेला. मिस्त्री त्याच्या मागं आला.

“जातोस कुठं?”

“दाजी, मी पुन्हा त्या साखळीला हात लावणार नाही.”

“लावशील. चूक तुझी नव्हती, माझी होती. डेपोत अठ्ठावीस वर्षं इशारा हातानं द्यायचा, तोंडानं नाही. शिकवलं मीच, आणि घरी येऊन विसरलोही मीच.” त्यानं डावा हात पुढं धरला. “हे बघ. तळवा खाली हलला की खाली. तळवा वर हलला की वर. मूठ म्हणजे थांब. हात दिसत नसला तरी थांब. मी तोंडानं काहीही बरळलो तरी बहिरा हो.”

“बहिरा व्हायचं? ते जमेल. बायकोसमोर सराव आहे.”

“तुझी बहीण इथंच बसलीय, तुझ्या बायकोला जाऊन सांगेल,” दारातून आवाज आला.

दुपारी तीनला इंजिन पुन्हा उचललं. दहा मिनिटं बघितलं. तारांचा जुडगा मिस्त्रीनं आधीच दोरीनं बाजूला बांधला होता. तरी त्यातली एक तार सुटून फटीत आली. मिस्त्रीनं मूठ केली. मेहुणा पुतळ्यासारखा थांबला. मिस्त्रीनं लांब सळईला आकडा वळवून तार बाहेर ओढली. त्याला पाऊण मिनिट लागलं. मग तळवा खाली, मूठ, तळवा खाली, मूठ. तोंडं भिडली. बोल्ट मेहुण्यानं बसवले, मिस्त्रीनं डाव्या हातानं पाना लावून आवळले. एका ठिकाणी नजर पोचत नव्हती, तिथं त्यानं सवयीनं उजवा हात पुढं केला, बोटांवरच्या पट्टीकडे पाहिलं, आणि मेहुण्याला म्हणाला, “तू चाचप. वॉशर बसलाय का सांग.”

मेहुण्यानं डोळे मिटून बोटं आत घातली. “बसलाय. पण जरा तिरका आहे, सुताएवढा.”

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. “सुताएवढा कळतो तुला?”

“तीस वर्षं शिवण चाचपतोय, दाजी.”

“मग उद्यापण ये.”

मेहुणा गेल्यावर मिस्त्रीनं हत्यारं पुसली, डाव्या हातानं, वेळ लावून. तेवढ्यात मागच्या अंगणातून बायकोनं हाक मारली. ओल्या चादरींची बादली केव्हाची पडली होती, आणि एका हातानं चादर पिळता येत नव्हती. मिस्त्री गेला. एक टोक तिच्या डाव्या हातात, एक याच्या. दोघांनी उलट्या दिशांना पीळ घातला. पाणी मिस्त्रीच्या पायावर पडलं.

“चपला काढायच्या होत्या आधी,” ती म्हणाली.

मिस्त्रीनं दोरीवरचा चिमटा काढून दातात धरला आणि चादरीचं दुसरं टोक शोधायला लागला.