चिकाटी कमी पडली म्हणे

आज मंगळवार. सकाळी विनायक गेला आणि दुपारी त्याच्या चितेसमोर उभं राहून सर खोटं बोलले.

हार्ट अटॅक. जळगावला, पिंप्राळ्यातल्या राहत्या घरीच. मी धुळ्याहून पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती.

अग्नी दिल्यावर भाषणं सुरू झाली. नगरसेवक बोलला, कॉलनीचे अध्यक्ष बोलले. मग सर. विनायकचे पीएचडीचे गाईड. पांढरा सफारी, हातात काठी.

"विनायक माझा लाडका विद्यार्थी. बुद्धी होती, पण चिकाटी कमी पडली. नाहीतर आज डॉक्टर म्हणून गेला असता."

लोकांनी माना हलवल्या. विनायकच्या मुलानेही हलवली.

मी भाषण करणारा माणूस नाही. इथे फेसबुकवरही फक्त लोकांच्या लग्नाचे फोटो लाईक करतो.

पण मुलाची ती मान डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. विनायक जळगावच्या एका कॉलेजात संशोधन करत होता. मी धुळ्याला कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो.

त्याचा विषय होता, आपल्याकडच्या खराब टेलिफोन लाईनवरून एका कॉम्प्युटरची माहिती दुसऱ्यावर कशी न्यायची. माहितीचे केवढे तुकडे केले की खराब झालेला तेवढाच तुकडा परत पाठवून काम भागेल.

तत्त्व जुनंच होतं. पण आपल्या लाईनवर ते कुणी मोजलं नव्हतं. त्याला मोजायचं होतं.

जळगावच्या टोकाला तो, धुळ्याच्या टोकाला मी. मोडेम लावायच्या आधी त्याचा फोन यायचा.

"भाऊ, आवाज ई राह्यना का?"

"खरखर शे."

"झकास! खरखरच पाहिजे आपल्याला. लाव मोडेम."

लाईन स्वच्छ असली की वैतागायचा. अख्ख्या खान्देशात खराब फोनवर खूश होणारा तो एकटाच असेल.

वर्षभर मोजलं. सगळी रीडिंग फ्लॉपीवर. तेव्हाच्या त्या मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्या. कव्हरला एक लांबट खाच असायची, त्यातून आतली माहितीची तबकडी उघडी दिसायची. विनायकने प्रत्येकीची नक्कल करून वेगळ्या डब्यात ठेवली होती.

सरांच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत. कॉम्प्युटरला झालरीचं कव्हर. ते सरांना विचारल्याशिवाय काढायचं नाही. सरांना स्वतःला मशीन चालू करायचं असलं की विनायकला हाक मारायचे.

मग खंडेनवमी आली. सरांनी सांगितलं, सगळी आयुधं टेबलावर मांडा. फ्लॉप्यासुद्धा. नकलांचा डबासुद्धा.

मी माझ्या टोकाच्या फ्लॉप्या द्यायला त्या दिवशी तिथेच होतो. त्याही मांडल्या गेल्या.

विनायक हळूच म्हणाला, "सर, फ्लॉपीला कुंकू नको. आत जाईल. वर कागद ठेवतो, त्याला लावा."

"कॉम्प्युटर शिकलास म्हणजे देवापेक्षा मोठा झालास का रे?"

सगळा स्टाफ हसला.

सरांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि एकेका फ्लॉपीला टिळा लावत गेले. बरोबर त्या खाचेत. त्यांना बहुतेक ती टिळ्याचीच जागा वाटली असावी. वरून हळद, अक्षता. नारळ फुटला त्याचं पाणीही शिंपडलं.

मग पेढे वाटले.

सुट्टी संपल्यावर त्याचा फोन आला.

"बठ्ठं गयं, भाऊ." सगळं गेलं होतं.

स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहिलं, वाळवून पाहिलं. एकही फ्लॉपी वाचली जात नव्हती. सर म्हणाले, "तुम्हा लोकांना वस्तू नीट ठेवता येत नाहीत."

विनायकने पुन्हा मोजायला एक वर्ष मागितलं. पण सरांना परिषदेत पेपर वाचायचा होता.

"अंदाजे आकडे भर ना. ग्राफ चांगला दिसला म्हणजे झालं. धुळ्याला कोण बघायला जातंय?"

"सर, ते मोजलेलं नाही."

"मग राहू दे तुझी पीएचडी. मी सही करणार नाही."

त्याने बाहेर येऊन चपला घातल्या. परत त्या लॅबमध्ये गेला नाही.

पेपर सरांनी वाचला. स्वतःच्या नावावर. मी तो नंतर पाहिला. खंडेनवमीनंतर धुळ्याच्या टोकाला हिवाळाभर पुन्हा रीडिंग घेतल्याचं त्यात लिहिलं होतं.

धुळ्याच्या टोकाला मी होतो. दुसरं कोणी नव्हतं. त्या हिवाळाभर मोडेम खोक्यात पडून होता.

त्या पेपरवर सरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो.

मी विनायकला म्हटलं, तक्रार कर. तो म्हणाला, "करतो. पण आधी त्यांना फ्लॉपी म्हणजे काय ते समजवावं लागेल. तेवढा वेळ नाही माझ्याकडे."

त्याने पिंप्राळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला आणि तोच शेवटपर्यंत चालवला. घरी एवढंच सांगितलं, "पीएचडी जमली नाही." बायकोलाही यापेक्षा जास्त कधी बोलला नाही.

आज मी निघताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, एवढे मोठे सर आले. ह्यांना किती बरं वाटलं असतं."

मी नुसता नमस्कार केला.

वहिनी, त्याला बरं वाटलं नसतं.

आणि बेटा, तुझ्या वडिलांना पीएचडी जमत होती. खोटे आकडे भरले असते तर त्याच वर्षी मिळाली असती. त्यांनी भरले नाहीत. पुन्हा कुणी चिकाटीचं बोललं तर मान हलवू नकोस.

सर, तुम्हीही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. रोज सकाळी गुलाबाचं चित्र आणि सुविचार टाकता. आजचा सुविचार सत्यावर होता. मी लाईक केला नाही.

विनायक, स्मशानात बोलायचं राहिलं. ते इथे लिहिलं. नीट जा, भाऊ.

धुळ्याला घरी आलोय. घरात कोणी नाही. स्मशानातले कपडे बादलीत भिजवलेत, ते धुवायला उठतो.