खाणीतल्या राक्षसाचं डोकं

अक्राळकाका मुळातले इस्त्रीवाले. देह असा, की दारातून जाताना आधी एक खांदा पाठवायचा आणि तो पोचला की दुसरा. काळीज मात्र चिमणीचं. पाल दिसली की काका खुर्चीवर चढत आणि खुर्ची मोडे. उभ्या जन्मात त्यांनी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही. गल्लीतल्या कुत्र्याला ते लांबूनच "काय, बरं आहे ना?" असं विचारत आणि पलीकडच्या रस्त्याने जात. अशा माणसाला सगळी गल्ली अक्राळकाका म्हणे, कारण तरुणपणी ते एका सिनेमात राक्षस झाले होते.

त्याचं झालं असं. काका ज्या लाँड्रीत होते तिथे एका सिनेमा स्टुडिओचे पडदे धुवायला येत. एकदा काका धुतलेल्या पडद्यांचं गाठोडं पोचवायला गेले आणि गाठोड्यासकट स्टुडिओच्या दारात अडकले. आत दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला होता. खाणीतून बाहेर येणाऱ्या राक्षसाचा सिनेमा, रबर आणि काथ्याचा अंगरखा, आणि त्यात घातलेले दोन पैलवान उकाड्याने लागोपाठ आडवे झालेले. दारात अडकलेला तो डोंगर बघून दिग्दर्शकाने विचारलं, "तुला गरम होतं का रे?" काका म्हणाले, "साहेब, मी वाफेतच राहतो."

झालं, काका राक्षस झाले. त्या सोंगाला बघायला भोकंच नव्हती. राक्षसाचे डोळे काचेचे आणि त्यांच्यामागे गच्च काथ्या. काकांच्या दोन्ही मनगटांना दोऱ्या बांधलेल्या. डावी ओढली की डावीकडे वळायचं, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही ओढल्या की थांबायचं. त्यामुळे नायिका कशी दिसते, कॅमेरा कुठे आहे, आपण काय करतोय, यातलं काकांना काही म्हणजे काही दिसलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे भित्राच राक्षसाच्या पोटात बसला होता, म्हणून बिचारा वाचला.

सिनेमा लागला तेव्हा काका बायकोला घेऊन गेले खरे, पण दिवे गेल्याबरोबर "पाणी पिऊन येतो" म्हणून जे बाहेर पडले ते खेळ सुटेपर्यंत शेंगदाणेवाल्याशी गप्पा मारत उभे राहिले. बायको बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसा होतो मी?" ती म्हणाली, "बरे होतात. जरा हळू चालायला हवं होतं."

एवढ्या शिफारशीवर माणसाने जन्म काढला. निर्मात्याने आठवण म्हणून राक्षसाचं डोकं देऊन टाकलं होतं, ते चादरीत गुंडाळून कपाटावर गेलं. कधी चादर झटकायला खाली काढलं की उजेडात ते एखाद्या जून कोबीसारखं दिसे. त्याला कोण घाबरणार? काकासुद्धा घाबरत नसत.

पुढे बायको गेली आणि काकांना एक खोड लागली. घरात माणसं मोजायची वेळ आली की ते आधीच सांगत, "मला धरू नका." सहलीच्या गाडीत जागा किती लागतील? मला धरू नका. आइस्क्रीम किती आणायचं? मला धरू नका. मग आणलेल्यातलं अर्धं तेच खात, तो भाग वेगळा. मुलाने पहिल्यांदा समजूत घातली, मग कंटाळून सोडून दिलं.

यंदा घराला रंग काढायचा ठरला. सून एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. दिवसभर लोक तिच्याकडे बघून पांढरेफटक पडत, त्यामुळे तिला स्वतःला कशाचीही भीती उरली नव्हती. तिने कपाटावर हात फिरवला, चार शिंका दिल्या आणि म्हणाली, "बाबा, सोमवारी रंगारी येतोय. त्या डोक्याला कसर लागलीय, सगळ्या घरात काथ्या उडतोय. आता देऊन टाकू या भंगारात."

"अगं, भंगारात काय? लोक बेशुद्ध पडायचे त्याला बघून!"

"तेव्हा पडत असतील," नात म्हणाली. ही कॉलेजातली कार्टी जेवताना रक्ताचे पाट वाहणारे सिनेमे बघायची आणि पुन्हा वाढून घ्यायची. "आजोबा, आता त्या सिनेमांना फक्त हसू येतं."

"हसू? तुमचा राक्षस पहिल्या मिनिटाला येऊन तोंड दाखवतो. त्याला काही मान राहतो का? आमचा राक्षस अर्धा सिनेमा नुसता येतोय, येतोय. लोकांची पाचावर धारण बसायची!"

"तुम्ही बघितलाय?"

काका खोकले. म्हणाले, "मी त्यात होतो."

एवढं बोलून थांबायचं, तर तेही नाही. तावातावाने काकांनी पैज लावली. घरातलं एक जरी माणूस घाबरलं तर डोकं राहील; कोणीच नाही घाबरलं तर ते स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला देतील. सुनेने पैज घेतली. नातीने इंटरनेटवर तो सिनेमा शोधूनही काढला. आता पाणी प्यायला जाऊन भागणार नव्हतं. पण बायकोने "बरे होतात" म्हटलं होतं ते याच डोक्याला. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

रविवारी दुपारी पडदे ओढले. पडद्यांना इस्त्री काकांचीच, त्यामुळे उजेडाला फट सापडेना. सोफ्यावर एका टोकाला नात, मधे मुलगा आणि सून, दुसऱ्या टोकाला काका. खरं सांगायचं तर सिनेमाचा पहिला अर्धा भाग आज पार बाराच्या भावात जातो. शास्त्रज्ञ पाइप ओढत भिंतीशी बोलतो, वटवाघूळ तारेवरून येतं आणि तारेवरूनच जातं, नायिका सपाट जमिनीवर तीनदा पडते. नात हसून लोळायची बाकी होती. मुलगा घोरायला लागला. काका घामाघूम होऊन भंगारवाल्याची हातगाडी डोळ्यांसमोर आणत होते.

मग खाणीच्या भिंतीवर सावली आली. सावलीमागून तो आला. भिंतीच्या टोकाशी येऊन थांबला. संगीत बंद पडलं. त्याने मान हळूच डावीकडे वळवली, मग उजवीकडे, आणि मग त्या मेलेल्या डोळ्यांनी सरळ समोर बघत तो नुसता उभा राहिला. काही करेना. जाईना. नातीचा चिवडा हातातच राहिला.

"अगं आई गं!"

काकांनी अशी काही किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं?" विचारलं. ते उशी डोक्यावर घेऊन सोफ्यावर उभे राहिले, सोफ्याचा पाय मोडला, आणि सगळं कुटुंब घरंगळत एका कोपऱ्यात गोळा झालं.

मुलगा खालून म्हणाला, "बाबा, अहो, तुम्हीच आहात तो!"

"मी नाही! मी असा दिसतो होय?"

दिवा लावला. सुनेने पाणी दिलं. वळलेली बोबडी सुटल्यावर काका म्हणाले, "तिथे दोरी सुटली होती गं. कोणी ओढेचना. मी आपला उभा. वाटलं, सगळे मला सोडून जेवायला गेले." त्यांनी डोक्यावरची उशी खाली ठेवली. "आणि तुझी सासू हे बघून बाहेर आली, आणि म्हणाली, बरे होतात. हे बघून तिने माझ्याशी एवढा संसार केला?" काकांचे डोळे भरून आले.

पण पैज ती पैज. नात म्हणाली, "मी घाबरले नाही हं. सोफा पडला म्हणून ओरडले." मुलगा म्हणाला, "मी झोपलो होतो. आणि राक्षसच राक्षसाला घाबरला, ते कसं धरायचं?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मी हरलो. मला धरू नका." आणि ते उठून कपाटाकडे निघाले.

"बाबा, खाली बसा," सून म्हणाली. हा आवाज ती लॅबमध्ये पळून जाणाऱ्यांसाठी राखून ठेवत असे. काका मटकन बसले. "पैज काय होती? घरातलं एक जरी माणूस. मग तुम्ही कोण आहात? शेजारचे? जेव्हा बघावं तेव्हा मला धरू नका, मला धरू नका. ऐकून ऐकून कान किटले माझे. मी धरलंय तुम्हाला. डोकं राहील. कसर मी बघते, काहीतरी फवारू."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सुनेने डोकं खाली काढून, झटकून, नव्या चादरीत गुंडाळायला घेतलं, तसे ते दबकत जवळ आले.

"एक काम करशील?" ते हळूच म्हणाले. "त्याचं तोंड तेवढं भिंतीकडे करून ठेव."