खळ दिलेलं दुपटं

ताईचं बाळंतपण आमच्याकडे झालं त्या हिवाळ्यात घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती. भाव चढेल म्हणून बाबा थांबले होते आणि भाव काही चढत नव्हता. मागची खोली आढ्यापर्यंत भरली होती. मधल्या खोलीत कापूस सरकत सरकत माझ्या पुस्तकांच्या पेटीपर्यंत आला होता. ताई आणि बाळ पुढच्या खोलीत, बाकीचे उरलेल्या जागेत. आमच्या केसांत, वरणात, बाबांच्या चष्म्यावर, सगळीकडे कापूस असायचा.

मी बारावी संपवून पुसदच्या हॉस्टेलवरून परत आले होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन मतं होती. एक, हिला सगळं येतं. दोन, हिला काहीच येत नाही. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे दोन्ही मतं टिकून होती.

ताईच्या सासूबाई मारेगावच्या. लग्नात त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले होते आणि एवढ्या मोठ्या शाळेत हातांना काही शिकवतात की नाही, असं विचारलं होतं. मी हात मागे घेतले होते. ताईला ते लागलं असावं. नामकरणाला आठ दिवस राहिले तेव्हा तिने मारेगावला निरोप पाठवून टाकला की बाळाचं दुपटं मावशी स्वतः शिवते आहे. मला हे नंतर सांगितलं.

शिकवायला आत्या होती. निम्म्या गावाच्या गोधड्या तिच्या हातच्या. कोणी जुनं पातळ आणून दिलं की ती आधी ते गालावर घासायची. जरा खरखरलं तर परत द्यायची आणि सांगायची, आणखी दोन वर्षं नेसा, मग आणा. बायका खरंच दोन वर्षांनी आणायच्या.

मला तिने आईचं निळं पातळ आणि ताईची शाळेतली पिवळी ओढणी दिली. दोन्ही इतकी मऊ की कात्री लावली की पळायची. मला निळे-पिवळे चौकोन जोडायचे होते. चौकोन सोडून सगळे आकार निघाले. आत्या म्हणाली, सवय होईल. सवय व्हायला आठ दिवस पुरणार नव्हते.

मग मला हॉस्टेलच्या ग्रंथालयातलं एक जुनं इंग्रजी पुस्तक आठवलं. तिकडच्या बायका गोधडीच्या कापडाला आधी खळ देतात. कापड कडक होतं, सरकत नाही, कोपरे नीट येतात. खळ तर आमच्याही घरी व्हायची. चौदा एप्रिलच्या आधी आई साबुदाणा शिजवून बाबांच्या पांढऱ्या शर्टाला आणि स्वतःच्या पांढऱ्या साडीला द्यायची. म्हणजे पुस्तक आणि आई यांचं एकमत होतं. आत्याला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून दुपारी सगळे झोपल्यावर मी साबुदाणा शिजवला. किती घ्यायचा ते माहीत नव्हतं. जास्त घेतला.

अंगणात वाळत घातलं असतं तर आत्याने पाहिलं असतं. घरात मोकळी, सपाट, स्वच्छ अशी एकच जागा होती. मी खळीत बुडवलेली कापडं कापसाच्या ढिगावर पसरली आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी ती उचलायला गेले तर कापडांबरोबर ढीगही उठला. खालच्या बाजूला कापूस असा घट्ट चिकटला होता की ओढला तर तंतू हातात यायचे आणि सरकी कापडावर राहायची. आमच्या कापसाची सरकी अजून काढलेली नव्हती, हे खळ देताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी खाली बसून एकेक बी उपटत होते तेवढ्यात मागे आत्या उभी राहिली.

"मेंढरं कायले आनले घरात?" तिने विचारलं.

मी खळीचं सांगितलं. पुस्तकाचंही सांगावं लागलं.

आत्याने एक तुकडा उचलला. तो तिच्या हातात पापडासारखा सरळ उभा राहिला. तिने सवयीने तो गालाला लावला आणि लगेच काढला.

"बापाच्या शर्टाले खळ लागते, त्याले सभेत बसा लागते. हे लेकरू काय भाषण द्याले जाऊन राह्यलं?"

मला हसू आलं नाही. चार दिवस उरले होते आणि दुसरं मऊ कापड घरात नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. कापसाची बाजू आत ठेवायची, असं तिने ठरवलं. सरकी सगळी वेचायची, शिवून झालं की कोमट पाण्यात खळ काढायची, कापूस टाक्यांत अडकून राहील. शिवल्यावर धुऊन काढा, हे पुस्तकातही होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तीन दिवस आम्ही सरकी वेचली आणि टाके घातले. कडक कापड कात्रीखाली गुमान राहिलं. कोपऱ्याला कोपरा भिडला. आत्याने एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "सरकत नाही, हे खरं हाय." यापलीकडे तिने पुस्तकाची स्तुती केली नाही.

नामकरणाच्या आदल्या सकाळी दुपटं धुतलं. दुधासारखं पाणी निघालं, ते बकरीने पिऊन टाकलं. संध्याकाळी वाळलेलं दुपटं आत्याने गालाला लावलं आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं, आणि सासूबाईंनी दुपटं मांडीवर घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. बायका बघत होत्या. कोपऱ्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे काय टोचून राह्यलं?"

मला माहीत होतं काय आहे ते. एक बी राहिली होती. रात्री सापडली होती, पण टाके उसवायची हिंमत झाली नव्हती. ताई माझ्याकडे बघत होती. आत्या तोंड उघडणार तेवढ्यात मीच बोलले.

"सरकी आहे. घरचा कापूस आहे. वेचताना माझ्याकडून एक राहिली."

गावातल्या बऱ्याच बायकांनी माझा आवाज पहिल्यांदा ऐकला असेल.

सासूबाईंनी नखाने ती बी थोडी इकडेतिकडे केली. मग दाराच्या फटीतून दिसणाऱ्या मधल्या खोलीतल्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं. मारेगावला त्यांचंही घर असंच भरलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "यंदाचा एवढा तरी कापूस घराबाहेर निघाला."

आधी आत्या हसली, मग सगळ्या. बाहेर ओसरीवर पाहुण्यांत बसलेले बाबाही हसल्याचं ऐकू आलं. सासूबाईंनी ती बी असलेला कोपरा पायांकडे घेतला, बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि माझा हात ओढून पाहिला. बोटांवर सुईची भोकं होती. या वेळी मी हात मागे घेतला नाही.