रिकाम्या एसटीतली शेजारीण

ताज्या कोथिंबिरीचा वास आला की मुखेडहून लातूरला निघालेली ती एसटी आठवते. दुपारच्या उन्हात धूळ संथ तरंगत होती, गाडी जवळजवळ रिकामी होती आणि रसायनात नापास झालेली मी होस्टेलला परत जाताना खिडकीशी रडत बसले होते. मांडीवरच्या वहीत सरांचं वाक्य होतं: अणूतले इलेक्ट्रॉन एसटीतल्या माणसांसारखेच, आधी रिकाम्या जागी एकेकटे बसतात, जागा संपल्यावरच जोडीनं. तेवढ्यात बाजार उरकून निघालेली एक म्हातारी कोथिंबिरीची टोपली घेऊन माझ्याच शेजारी टेकली. “मावशी, मागं लई जागा हाय,” मी म्हटलं. “हाव, पर तिथं कुणी रडत न्हाई,” ती म्हणाली. आज मीच तो धडा शिकवते, फळ्यावर एकेका चौकटीत इलेक्ट्रॉनचा एकेक बाण काढते. एसटीचं उदाहरण मात्र देत नाही.