सायलेन्सरचं नाक

आमच्या जीपच्या सायलेन्सरला नाक बसवायची कल्पना सर्वस्वी माझी होती.

जीप वडिलांच्या वेळची, पेट्रोलवर चालणारी, वयाने माझ्याहून थोडीशीच लहान. मी रत्नागिरीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे इंजिनात जे काही जळतं त्यावर माझा हक्क आहे असं मला वाटतं. जीप तशी नीट चालत होती. पण ‘नीट’ हा काही आकडा नव्हे. इंटरनेटवर वाचलं की सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला, तर धुरात उरलेला प्राणवायू हुंगून तो पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते सांगतो. साधा सेन्सर नुसतं ‘कमी’ किंवा ‘जास्त’ म्हणतो. वाइडबँड सेन्सर मात्र एका भाग पेट्रोलाला हवा किती भाग, हे थेट मीटरवर दाखवतो. तेही दशांशात! दशांश म्हटल्यावर मी विरघळलो.

आमचे मेकॅनिक हुसेनभाई कानाने गाडी ट्यून करणारे. त्यांनी पाइपाला वरच्या बाजूने भोक पाडून सेन्सर तिरका बसवून दिला. (मला तो खाली हवा होता, वाकायला सोपं म्हणून. खाली बसवला तर पाइपात साठलेल्या पाण्याने तडकेल, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.) मीटरची वायर यायला आठवडा होता. तोवर सेन्सर काढून भोकाला बोल्ट लावून ठेवा, असंही ते म्हणाले. मी ठेवला नाही. एकदा बसवलेला दागिना कोण काढतं? आठवडाभर त्याला वीज न देता मी गाडी फिरवली. वायर आली तेव्हा सेन्सरच्या तोंडावर काजळी बसून तो कायमचा गेला होता. विजेवर तापलेला असला तरच तो काजळी जाळून टाकतो, हे मी त्यानंतर माहितीपत्रकात वाचलं.

दुसऱ्या सेन्सरची मी बाळंतिणीसारखी काळजी घेतली. मीटर सुरू झालं आणि आकडा आला सतरा. चौदा-पंधराच्या आसपास हवा होता. म्हणजे गाडी पेट्रोलावाचून उपाशी! मी हुसेनभाईंना कार्बोरेटरमध्ये मोठा जेट बसवायला लावला. जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा; भोक मोठं तितकं पेट्रोल जास्त. आकडा जेमतेम हलला. मग त्याहून मोठा. तिसऱ्या वेळी हुसेनभाई इंजिनाकडे कान देऊन उभे राहिले.

“सर, मीटर काय सांगतो ते असू दे. गाडी पेट्रोलाने गुदमरतेय.”

मी त्यांना कानाच्या मर्यादा समजावून सांगितल्या. उभ्या उभ्या, वीस मिनिटं.

त्याच आठवड्यात माझ्या मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा जयगडला होता. नातीला साडी सासूबाईंच्या हातून द्यायची आणि त्याशिवाय विधी सुरू करायचे नाहीत, असं ठरलेलं. शुभदा, म्हणजे माझी पत्नी, भाड्याची गाडी सांगत होती. मी म्हटलं, जिल्ह्यातली सर्वांत शास्त्रशुद्ध जीप दारात असताना भाड्याची कशाला? सासूबाई पुढे बसल्या, शुभदा साडीचं तबक घेऊन मागे.

आरे-वारेचा चढ लागला आणि जीप खोकायला लागली. मी मीटरकडे पाहिलं. आकडा उत्तम होता. आरशात पाहिलं, तर मागचा रस्ता दिसत नव्हता, नुसता काळा धूर. मागे कापडी पडदा, तो वाऱ्याने उडालेला, त्यामुळे निम्मा धूर आत. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. मागे वळून बघितलं तेव्हा शुभदाच्या डोळ्यांची फक्त बुबुळं पूर्वीच्या रंगाची होती. साडी मात्र तिने पदराखाली घट्ट धरून वाचवली होती.

मुहूर्ताला तासभर उरला होता. सासूबाई घड्याळ न बघता समुद्राकडे बघत बसल्या. तेव्हा पहिल्यांदा माझी हौस मला खरोखर लाजिरवाणी वाटली. मी हुसेनभाईंना फोन केला. काहीही समजावून सांगितलं नाही.

ते स्कूटरवरून आले. काळेठिक्कर प्लग ब्रशने घासले, खिशातून जुना जेट काढून बसवला. (तो त्यांनी टाकलाच नव्हता. माझा स्वभाव त्यांना माहीत होता.) मग मला इंजिन चालू करायला सांगून पाइपाच्या पुढच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. भराभर बुडबुडे आले. जोड गंजून फटफटत होता. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला त्या फटीतून थोडा धूर बाहेर पडत होता आणि लगेच बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि जोडाच्या मागे बसलेला सेन्सर ती हुंगून गाडी उपाशी असल्याचं सांगत होता.

“नाक चांगलं आहे, सर,” हुसेनभाई म्हणाले. “ते रत्नागिरीची हवा मोजत होतं.”

आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. भटजी थांबले होते. सासूबाईंनी साडी नातीच्या हाती दिली, तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मुलाकडच्या एका बाईंनी शुभदाला अदबीने विचारलं, वाटेत कुठे आग लागली होती का? शुभदाने माझ्याकडे बोट दाखवून ‘हे शास्त्रज्ञ आहेत’ एवढंच सांगितलं.

सोमवारी हुसेनभाईंनी जोड बदलला. जेट तोच, वडिलांच्या वेळचा. मीटर लावलं. आकडा आला चौदा पूर्णांक सहा. अचूक!

थोडक्यात, मी हात लावण्यापूर्वी जीप उत्तम ट्यून झालेली होती. हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करायला मला दोन सेन्सर, तीन जेट आणि एक बायको काळी करावी लागली.