साक्षीदाराची नळी

धुळ्याच्या मे महिन्यात रिक्षावालेसुद्धा बनियनवर येतात. आमचे रक्तवाले नाना मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून बसायचे. दोन खोल्यांच्या त्यांच्या लॅबोरेटरीत पंखा एकच, आणि तोही तपासणी चालू असली की बंद. "नाना, लग्नाला निघालात का?" मी विचारायचे. "हो माय, तुनाच लग्नले," असं म्हणत ते सुई काढायचे. मी लाजून खाली बघेपर्यंत टोचून झालेलं असायचं.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आईनं तिची एक किडनी मला दिली होती. मुंबईचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण शरीर बाहेरून आलेली किडनी कधी झिडकारेल याचा नेम नसतो, आणि ते आधी रक्तात कळतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी आम्ही मायलेकी एरंडोलहून एस.टी.नं नानांकडे यायचो.

रक्त निवळलं की वरचं पाणी नाना पिवळ्या औषधात घालत. ते केशरी होई. रंग जितका गडद, तितकी किडनी रुसलेली. ताडून बघायला शेजारी निरोगी रक्ताची एक नळी असायची. तिला ते साक्षीदार म्हणत.

"कोणाचं रक्त हे, नाना?"

"शे एक भला माणूस."

त्या भल्या माणसाची मी फार टिंगल करायचे. त्याला मिशा आहेत का, तो सिनेमाला जातो का, असं काहीबाही विचारायचे. "जास ना, शोले देखा त्यानी," नाना गंभीरपणे सांगायचे.

नाना स्वभावानं महासंशयी. आकडा जरा वाढला की आधी नळीवर आळ, मग औषधावर, मग नळाच्या पाण्यावर. आईचा जीव टांगणीला लागलेला आणि हे निवांत काचसामान धूत बसलेले.

दुसऱ्या वर्षी ऐन कापूस वेचणीत माझी नळी गडद आली. नानांनी सगळं धुतलं, औषध नव्यानं कालवलं. पुन्हा तेच. मग ते आतल्या खोलीत गेले आणि साक्षीदाराचं ताजं रक्त घेऊन आले. साक्षीदार नेहमीसारखाच फिका निघाला.

"अक्का, घर नको. मुंबईनी गाडी धरा."

"नाना, सकाळले बाया सांगेल शेतस वेचाले. सोमवारी गयात तं?" उद्याच्या वेचणीला आईनं बाया सांगून ठेवल्या होत्या.

"मना साक्षीदार खोटा नही."

आईकडे आता द्यायला दुसरी किडनी नव्हती. नानांनी लॅबोरेटरीला कुलूप घातलं आणि आम्हाला स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. मुंबईला इंजेक्शनं सुरू झाली आणि किडनी वाचली. सोमवारपर्यंत थांबलो असतो तर ती गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले, तेव्हा नाना आजारी होते. खाटेवर बंडी घालून पडलेले. उघडे हात मी पहिल्यांदाच पाहिले. दोन्ही कोपरांच्या खोबणीत सुयांचे बारीक काळे डाग, माझ्या हातावर होते त्याहून कितीतरी जास्त.

नानांनी चादर वर ओढली.

"साक्षीले कोणी तरी लागस ना, माय."

मला रडू आवरेना. माझी सुई निघण्याआधी दर वेळी त्या भल्या माणसानं आतल्या खोलीत स्वतःला टोचून घेतलेलं असायचं, आणि मी त्याच्या मिशा विचारत होते.