कंडक्टर आक्काचा नाकतोडा

आमच्या गाडीची कंडक्टर रस्त्याकडेला पालथी पडलेली दिसली की नवखा प्रवासी घाबरायचा. अंगावर खाकी गणवेश, खांद्याला अडकवलेली चामड्याची पिशवी, दोन्ही कोपरं मातीत रुतलेली आणि तोंड गवतात. एकदा एक गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत गेले. "बाई चक्कर येऊन पडल्यात," म्हणत त्यांनी अर्धी गाडी खाली उतरवली. आक्कानं मान न वळवता एक हात मागं केला आणि बोटं हलवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. तिच्या डोळ्यासमोरच्या पात्यावर एक मुंगी दवाच्या थेंबाला तोंड लावून पाणी पीत होती. मुंगीचं पिऊन झालं, मग आक्का उठली. गुडघे झाडले, त्या गृहस्थांच्या हातातली बाटली घेतली आणि दोन घोट पाणी प्याली. "आणलंयसा तर पिते," म्हणाली. "बसा आता, गाडी सुटणार हाय."

त्या गाडीचा डायव्हर मी. निपाणीहून सकाळी लवकर सुटायचं, बोरगावच्या पुढं दूधगंगेजवळच्या एका लहान गावापर्यंत जायचं आणि कॉलेजची पोरं, बाजारकरी, कारखान्यावरची माणसं घेऊन परत यायचं. तिनं शिट्टी मारायची, मी गिअर टाकायचा, असा आमचा कारभार बरीच वर्षं चालला. हजेरीपटावर तिचं नाव काय होतं ते डेपोला ठाऊक. वाटेवरच्या सगळ्या गावांना ती आक्काच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी मला अण्णा म्हणायची.

तिकिटाच्या बाबतीत ती फार कडक. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून बाजाराच्या दिवशी आमची गाडी पोत्यासारखी ठासून भरायची. आक्का त्या गर्दीतून वाट काढत प्रत्येकीच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवायची. एखादी म्हणायची, "फुकटच हाय न्हवं, मग कागद कशाला?" आक्का म्हणायची, "शून्याचं असलं तरी तिकीट हाय. तू गाडीत हाईस हे खरं हाय का न्हाय? मग खरं ते छापून आलं पायजे."

तिचा हा किड्यांचा नाद सुरू झाला एका पंक्चरमुळं. थंडीचे दिवस होते. मी जॅक लावून चाक बदलत होतो आणि प्रवासी रस्त्यावर उभे राहून मला सूचना करत होते. आक्का बांधाच्या गवतात बसली होती. थोड्या वेळानं माझ्यासमोर फोन धरून म्हणाली, "अण्णा, तुझी गाडी बघ." गवताच्या टोकाला लोंबणारा एक थेंब होता. त्या थेंबात आमची अख्खी लाल गाडी होती, खिडक्यांसकट, आणि ती उलटी होती. चाकं वर, टप खाली. 

"डायव्हरला गाडी उलटी दाखवू नये, आक्का," मी म्हणालो.

"गाडी सरळच हाय की. थेंब तशी बघतोय, त्याला कोण काय करणार?"

पुढच्याच सुट्टीला ती बेळगावला जाऊन फोनला चिमट्यानं बसणारं एक भिंग घेऊन आली. ह्या भिंगाची तऱ्हा अशी, की किड्यापासून बोटभर अंतरावर फोन न्यावा लागतो. तेवढ्या जवळून श्वास जरा जोरात सोडला तरी चित्र हलतं. किडा तर त्याआधीच उडालेला असतो. शेवटच्या गावी गाडी अर्धा तास थांबायची. तेवढ्यात मी चहा घ्यायचो आणि आक्का बांधावर जायची. सुरुवातीला तिला सगळे धुरकट फोटो मिळाले. दिसायचा तो एखादा पाय किंवा पंखाची कड. ते सुद्धा ती मला कौतुकानं दाखवायची. "हा पाय बघ. ह्याला कंगवा हाय."

हळूहळू पायाच्या पुढचं दिसायला लागलं. तंबाखूच्या पानावरची लव, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा चकचकीत मणी. कारल्याच्या फुलातली पिवळी धूळ आणि त्या धुळीनं माखलेली माशी. पानांवरच्या मावा किडीची राखण करणाऱ्या मुंग्या. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, तंबाखूच्या रानात वाढलो, चिकानं काळे झालेले हात लहानपणापासून घासले. पण त्या चिकाचे असे मणी असतात हे मला आक्काच्या फोनवर पहिल्यांदा दिसलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या आक्काला सांगा, एकदा त्या मण्यांचा हार करून घाला म्हणावं, खुडायला येणाऱ्या बायकांना."

मी हा निरोप आक्काला दिला. ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "खरं बोलली तुझी बायको."

फोटो काढताना वारा हा तिचा एकमेव वैरी. पातं डुलायला लागलं की ती नुसती पडून राहायची. मी हाक मारली तर हळूच म्हणायची, "वारा पडू दे." मग मी छत्री घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभा राहायला लागलो. ऊन नाही, पाऊस नाही आणि डायव्हर छत्री उघडून बांधावर उभा, हे बघून गावातली माणसं आधी हसली. पुढं त्यांना सवय झाली.

आणखी एक गंमत होती. माणसांशी आक्का मराठीत बोलायची आणि किड्यांशी कन्नडात. तिचं माहेर हुक्केरीकडचं. उडायच्या बेतातल्या फुलपाखराला ती लाडात म्हणायची, "स्वल्प निल्लव्वा," म्हणजे जरा थांब गं बाई. मी एकदा विचारलं, "किड्यांना मराठी कळत न्हाय काय?"

"कळतंय की. पर आईच्या भाषेत सांगितलं की कुणीबी जरा थांबतंय."

पण गाडीची वेळ झाली की ती कुणासाठी थांबायची नाही. एकदा एका कोषातून फुलपाखरू बाहेर येत होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर, पंख अजून चुरगळलेले. असं दृश्य तिला आधी कधी मिळालं नव्हतं. आणि नेमकी वेळ झाली. आक्का उठली आणि तिनं शिट्टी मारली. मी म्हणालो, "दोन मिनिटांनी काय बिघडतंय?" तिनं गाडीतल्या पोरांकडं बोट दाखवलं. "त्यांची दोन मिनिटं मी कुणाच्या खिशातनं देऊ?" बोरगाव येईपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. पण गाडी वेळेवर होती.

त्या शेवटच्या गावातले एक तात्या एकदा तिच्यासाठी बाटलीत एक भुंगा घेऊन आले. हिरवा, मोरपिशी चमक असलेला, मोठा देखणा. तात्यांना वाटलं, बाई खूश होतील. आक्कानं बाटली हातात घेतली, भुंगा बघितला आणि झाकण उघडून त्याला सोडून दिलं.

"काढला न्हाई फोटो?" तात्या हिरमुसले.

"धरून आणलेलं भ्यालेलं असतंय, तात्या. भ्यालेल्याचा फोटो पोलिसांनी काढायचा. मला तुम्ही त्याचं घर दावा."

तात्या तिला आपल्या रानात घेऊन गेले. त्यानंतर सगळ्या वाटेवर हे पसरलं. तिकीट घेता घेता बायका सांगायच्या, "आक्का, आमच्या परसात जास्वंदीवर पांढरा कोळी बसलाय." कुणी कुठला किडा कुठं बघितला, हे बातमीसारखं गाडीत चढायचं. फवारणी करायची असली तर एकजण आदल्या दिवशीच सांगायचा, "उद्या औषध मारणार हाय, आज बघून घ्या."

मग तो नाकतोडा आला. शाळवाच्या रानाकडेला, गवताच्या एका काडीच्या अगदी शेंड्यावर. पुढच्या पायांनी त्यानं काडीला घट्ट कवळा घातला होता, मान वर होती आणि डोळ्यापासून शेपटापर्यंत सगळं अंग दवाच्या बारीक थेंबांनी मढलं होतं. प्रत्येक थेंबात एक-एक सूर्य. वारा नव्हता, नाकतोडा हलत नव्हता. आक्काला पाहिजे तेवढे फोटो मिळाले. उठून आली तेव्हा तिचा चेहरा देवदर्शन करून आल्यासारखा होता. त्या फोटोला तिनंच नाव दिलं, 'मिठी'.

बेळगावात एक छायाचित्र मंडळ दर वर्षी प्रदर्शन आणि स्पर्धा भरवतं. आम्ही सगळे मागं लागलो म्हणून तिनं 'मिठी' तिकडं पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. कळलं त्या दिवशी मी डेपोत शिरताना विनाकारण हॉर्न वाजवला. बक्षीस समारंभाला रविवारी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. सभागृहाच्या भिंतीवर तिचा नाकतोडा दाराएवढा मोठा करून लावला होता. मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसं त्याच्यासमोर उभी राहून मान हलवत होती. आक्का मंचावर गेली, चषक घेतला, नमस्कार केला. मी टाळ्या वाजवल्या त्या शेजारच्यानं वळून बघेपर्यंत.

समारंभ संपल्यावर मी तिला शोधलं तर ती आपल्याच फोटोसमोर उभी होती, नाक भिंतीला लागेल इतकी जवळ. मला वाटलं, आनंदानं बघते आहे. मी हाक मारली तर नुसतं "चल" म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. संकेश्वर जवळ आलं तसं तिनं फोन काढला, तो फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढं धरला.

"पोटाच्या सांध्यात बघ. हे पांढरं."

"दव हाय."

"फोनवर मलापण दवच वाटलतं. आज मोठं बघिटलं. दव न्हाय, बुरशी हाय. परवा हरभऱ्याच्या रानात असलाच एक बघिटला हुता, असाच शेंड्याला कवळा घालून. दुसऱ्या दिवशी गेले तर तिथंच. हात लावला तर आत पोकळ. ही बुरशी लागली की ते वर चढतंय आणि काडी धरून मरतंय." तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. "माझा नाकतोडा मेलेला हुता, अण्णा. आणि नियमात लिवलंय, किडा जिवंत पायजे."

"तुम्ही मारलाय काय?"

"मी न्हाय मारला. पर जिवंत म्हणून पाठवलाय."

"परीक्षकांना दिसलं न्हाय. कुणाला कळतंय आता?"

"मला कळलंय न्हवं."

गाडी संकेश्वरच्या स्टँडवर थांबली. आक्का चषकाची पिशवी घेऊन उतरली. मी मागोमाग उतरलो. समोर बेळगावची गाडी लागली होती, ती त्यात जाऊन बसली. तिकीट काढताना ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, "आत्ताच आलतीस न्हवं गं? काय इसरलं काय?" ती म्हणाली, "व्हय, एक सांगायचं राहिलंय."

प्रदर्शन अजून उघडं होतं. मंडळाचे चिटणीस वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंग घेऊन फोटोजवळ गेले, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, बाई. पण तुम्ही मुद्दाम केलेलं नाही. आम्ही निकाल दिला, तो राहू दे. कशाला जिवाला लावून घेताय?"

"दुसरा नंबर कुणाचा हाय?" आक्कानं विचारलं.

दुसरा नंबर वडगावच्या एका मुलीचा होता. विणकराच्या घरातली, तिनं जास्वंदीचे परागकण टिपले होते. आक्का तिच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. "फूल जितं हाय," म्हणाली आणि चषक चिटणिसांच्या टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी तो एकदा बाहीनं पुसला. त्या बक्षिसाएवढा आनंद तिला आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नव्हता, हे मला माहीत होतं.

चिटणिसांनी एकच विनंती केली, फोटो भिंतीवरून काढू नका. आक्का तयार झाली, पण खालची 'मिठी' ही चिठ्ठी तिनं काढायला लावली आणि कोऱ्या कागदावर स्वतः लिहिलं: 'नाकतोडा. मेल्यानंतर, सकाळी.' आम्ही निघालो तेव्हा तिथं एक बाई तो कागद वाचत होती. तिनं वर फोटोकडं पाहिलं, परत कागद वाचला आणि परत वर पाहिलं. आमची पावलं दारापर्यंत पोचली तरी ती तिथंच होती.

डेपोत दुसऱ्या दिवशी सत्कार ठरला होता. पेढे आले होते, शाल आली होती. आक्कानं सगळ्यांसमोर काय झालं ते सांगितलं. काहीजण हसले. "हरिश्चंद्राची बहीण" हे नाव तिला पुढं बरेच दिवस चिकटलं. मला राग यायचा. तिला येत नसे. तिनं स्वतःच पेढे वाटले आणि शाल घडी करून शेडमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेकॅनिकला दिली, कारण थंडी होती.

पुढं तिनं स्वतः अर्ज करून खानापूरकडं बदली घेतली. तिकडं रान दाट, किडे जास्त, आणि मुलगीही तिकडंच दिलेली. जाताना मला म्हणाली, "नवीन कंडक्टर येईल त्याला तरास दिऊ नको."  आता माझ्या गाडीत एक चांगला, कामसू तरुण आहे. तो थांब्यावर फोनवर क्रिकेट बघतो. मी बांधावर जातो आणि वाकून बघतो. मला फोटो काढता येत नाही, पण आता मला दिसतं.

अधूनमधून तिचे फोटो येतात. खाली कधी एकच ओळ असते: 'जित्ता हाय. परत जाऊन बघून आले.'

यंदाच्या प्रदर्शनात तिचा एक फोटो लागला. झाडाच्या सालीवर बसलेला पतंग, इतका सालीसारखा की डोळे बारीक करून बघितल्याशिवाय दिसू नये. बक्षीस नव्हतं. तिला ड्यूटी होती, म्हणून मी एकटाच बघून आलो. फोटोसमोर इतका वेळ थांबलो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "तुम्ही ओळखता काय यांना? नात्यातल्या आहेत?"

"नात्यातल्या न्हाईत," मी म्हणालो. "मी त्यांचा डायव्हर."

त्या माणसानं माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. त्याला वाटलं असेल, बाई कोणी मोठ्या असाव्यात. मी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. ती चुकीची नव्हती.